अमरावती ते अकोला : आकाशांतील अंतर व जमिनीवरील वेळ

वऱ्हाडांतील अमरावती व अकोला हीं शेजारचीं शहरें. दोहोंसहि विमानतळ आहे. तेव्हां एका तळावरून दुसऱ्यावर विमानानें जावयास किती वेळ लागेल, असा प्रश्न जिज्ञासु वाचकांच्या मनांत सहज उद्भवेल. असें विमान आज चालत नाहीं. तथापि हा हिशेब करून पाहण्यासारखा आहे.

अमरावतीचा विमानतळ बेलोरा येथें, शहरापासून सुमारें १५ किलोमीटरांवर, यवतमाळच्या वाटेस आहे. अकोल्याचा शिवणी येथें, शहराच्या पूर्वेस महामार्गानजीक आहे. दोहोंमधील सरळ अंतर सुमारें ७० किलोमीटर. पंख्याचें लहान विमान ताशीं ५०० किलोमीटर जातें असें धरून त्रैराशिक मांडल्यास उत्तर येतें साडेआठ मिनिटें!

परंतु त्रैराशिकाचें उत्तर म्हणजे प्रवास नव्हे. विमान पुरतें वर चढलें न चढलें तोंच त्यास उतरण्याची तयारी करावी लागेल; म्हणून वीस-पंचवीस मिनिटें धरावीं. शिवाय घरापासून बेलोऱ्यापर्यंत अर्धा तास, तपासणीसाठीं निदान एक तास, आणि शिवणीहून शहरांत पाव तास. बेरीज सवादोन तासांच्या घरांत जाते. उलट बडनेऱ्याहून अकोला लोहमार्गानें ७९ किलोमीटर. जलद गाडी तासाभरांत पोंचविते. मोटारीचा मार्गहि आतां सुधारला आहे. जून २०२२ मध्यें याच वाटेवर, लोणी ते मूर्तिजापूर या टप्प्यांत, ७५ किलोमीटर लांबीचा एकपदरी डांबरी थर अवघ्या १०५ तास ३३ मिनिटांत घातला गेला व त्याची गिनेसच्या विक्रमांत नोंद झाली.

मग विमानाचा उपयोग काय? तो मुंबईसाठीं. १६ एप्रिल २०२५ पासून बेलोऱ्याहून मुंबईस नियमित विमान सुरू झालें. आगगाडीस जेथें रात्र घालवावी लागते, तें अंतर विमान पावणेदोन तासांत काटतें. घरांतील रुग्णास मुंबईच्या वैद्यांकडे न्यावयाचें असतां या फरकाची किंमत रुपयांत होत नाहीं.

अकोलेकरांची स्थिति मात्र चमत्कारिक आहे. शिवणीचा तळ १९४३ मधला, महायुद्धकाळांतील; परंतु धावपट्टी सुमारें १,४०० मीटर, बेलोऱ्याची १,८५०. ती वाढवावयाची तर शेजारच्या कृषि विद्यापीठाची जमीन हवी. मुंबई पश्चिमेस असतां अकोलेकरास आधीं पूर्वेस बेलोरा गांठावा लागतो. मेघदूतांतील यक्षानेंहि मेघास वाट वाकडी करावयास सांगितलें. परंतु त्या मेघास बदल्यांत उज्जयिनी तरी पाहावयास मिळणार होती!

धावपट्टी वाढावी हें योग्यच. परंतु ज्या भूमीवर कापूस-ज्वारीच्या नव्या वाणांची परीक्षा होते, तीहि वऱ्हाडाच्या पोटाचीच आहे. म्हणून जमिनीचा एकेक एकर विचारपूर्वक घ्यावा. तोंवर विमानाच्या वेळेशीं जुळणारी मोटारगाडी अकोल्याहून बेलोऱ्यास नेमानें धांवती ठेवणें, हा अल्प खर्चाचा उपाय होय. अंतर आकाशांत मोजावें. वेळ मात्र घराच्या उंबरठ्यापासूनच मोजावा. रुग्णासोबत निघालेल्या माणसास हा भेद समजावून सांगावा लागत नाहीं.