पोस्टातली नोकरी

फौजेत 'पोस्ट' हा इंग्रजी शब्द दिवसभर कानावर पडतो आणि दर वेळी त्याचा अर्थ वेगळा असतो. बदली झाली की पोस्टिंग. डोंगरावरची चौकी ही पोस्ट, आणि संत्री जिथे पहाऱ्याला उभा राहतो तीही पोस्ट. पण 'पोस्ट आली' अशी हाळी ऐकून पोरं जेवणाचं ताट सोडून धावली, तर समजायचं की घरची पत्रं आलीत.

१९९७ साली माझी पोस्टिंग काश्मीरला, नियंत्रण रेषेजवळच्या एका चौकीवर झाली. जागेचं नाव पत्रात लिहायचं नसतं. पत्ता एकच, 'द्वारा ५६ एपीओ'. मी घरी लिहिलं, "सध्या पोस्टवर आहे, काळजी नसावी." आईला अक्षरओळख नव्हती. धाकट्या भावाने वाचून दाखवलं. एपीओ म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस, हे त्याने कुणाकडून तरी काढून घेतलं आणि मायलेकांनी ठरवून टाकलं, आपला फौजेत पोस्टात कामाला आहे. माण तालुक्यातल्या सगळ्या भावकीत ही बातमी पोचली. आईचं पुढचं पत्र आलं: "शिक्के मारून हात दुखत असंल, तेल लावीत जा."

तशी ती अगदीच चुकीची नव्हती. सैन्याची स्वतःची टपालसेवा आहे, १९७२ पासून तिची वेगळी कोरच आहे. फक्त मी तिच्यात नव्हतो. खुलासा मी पत्रात केला नाही, सुट्टीवर गेलो तेव्हाही केला नाही. आपण कुठे खोटं बोललोय, असं स्वतःला सांगायचो. ती रात्री नीट झोपत होती.

युनिटमधल्या एका शिक्षण हवालदाराने मला सांगितलं की चौकी आणि टपाल, दोन्ही 'पोस्ट' एकाच मुळाच्या. लॅटिनमधला 'ठेवणे' या अर्थाचा शब्द. पूर्वी युरोपात वाटेवर ठरावीक अंतराने स्वार आणि घोडे ठेवलेले असत, पत्र एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती जायचं. त्यावरून टपालाला तो शब्द लागला. म्हणजे मुळात पोस्ट ही माणूस ठेवायची जागा. खांबाचा 'पोस्ट' मात्र वेगळ्या घरचा.

मग १९९९ चा उन्हाळा आला. टीव्हीवर रोज पोस्ट, पोस्ट. १३ जूनला तोलोलिंग, ४ जुलैला टायगर हिल. आमची चौकी त्या भागात नव्हती, पण तोफा आमच्याकडेही होत्याच. बरेच दिवस पत्र नाही. ऑगस्टमध्ये एक निळं आंतर्देशीय आलं, अक्षर भावाचं.

"दादा, आई सांगती तसं लिहितोय. पोस्ट म्हंजी काय ते टीव्हीत बघितलं. आता शिक्क्याचं इचारत न्हाई. तू तितं एकलाच असतुयास का?"

संख्या लिहायची परवानगी नव्हती. 'बरेच जण आहोत' असं लिहिलं. होतो अकरा.