घसरता पट्टा

फोनोग्राफ व ग्रामोफोन यांत आपल्याकडे सहसा कोणी भेद करीत नाहीं. परंतु ग्रामोफोनांत स्प्रिंगची गति सामान्यतः दंतचक्रांवाटे सरळ तबकडीस पोंचते. एडिसनच्या फोनोग्राफांत ती कातड्याच्या अरुंद पट्ट्यावरून एका निमुळत्या रुळास मिळते, व त्या रुळावर मेणाचें नळकांडें चढविलेलें असतें. वेग आवरणारा नियामक पट्ट्याच्या अलीकडे, मोटारीजवळ बसतो. म्हणून पट्टा घसरला तर नियामकास त्याचा पत्ताच लागत नाहीं. मोटार आपली इमानानें चालत असते, आणि गाणारा मात्र खालच्या पट्टींत उतरतो.

आमच्या घरीं १८९८ सालीं प्रथम निघालेल्या 'स्टँडर्ड' जातीचें एक यंत्र आहे. त्याबरोबर नळकांडीं दोन: एक विलायती बँडचें, दुसरें घरींच भरलेलें. (कोरें मेण चढवून घरच्या माणसाचा आवाज घरींच टिपावा, ही सोय ग्रामोफोनास नव्हती.) त्यावर आमचे पणजोबा दोन मिनिटें श्लोक म्हणतात, आणि मधेंच कोणास तरी दार लावावयास सांगतात. पणजोबांचा आवाज मेघासारखा होता, असें आमच्या घरांत सर्वजण सांगत आले आहेत.

पट्टा घसरण्याची तक्रार जुनीच. गेल्या पावसाळ्यांत ती विकोपास गेली. आम्हीं पट्ट्यास राळ चोळली. दोन दिवस बरें चाललें, मग राळेचीं चिकट पुटें चाकांवर बसलीं. नवा पट्टा केला. त्याचा सांधा जाड राहिल्यामुळें दर फेऱ्यास ठोका ऐकूं येई. टोकें तासून पुनः चिकटविलीं व पट्टा ताणून बसविला, तों मोटारच धापा टाकूं लागली. शेवटीं एका घड्याळजींनीं पट्टा काढून ठेवला आणि रूळ नुसत्या बोटानें फिरविला. तो अर्ध्या फेऱ्यांतच थांबला. बेअरिंगांतलें जुनें तेल लाखेसारखें वाळलें होतें! तें रॉकेलानें धुऊन घड्याळाचें तेल थेंबभर दिलें, तेव्हां आम्हीं टाकून दिलेला जुना पट्टाही रूळ मुकाट्यानें ओढूं लागला.

रुळावर कागदाचा कपटा चिकटवून आम्हीं फेरे मोजले. दुरुस्तीपूर्वीं मिनिटास १४२ भरले होते. आतां १६० भरले, आणि १९०२ नंतरच्या बाजारी नळकांड्यांस हाच वेग ठरलेला असे. पेटीच्या भाषेंत, काळी दोनचा माणूस इतकीं वर्षें काळी एकमध्यें गात होता. बँड लावून खात्री केली, मग पणजोबांस लावलें. जो आवाज आला तो मेघाचा नव्हे. किरकोळ अंगाच्या, कांहींशा घाईंत असलेल्या गृहस्थाचा तो होता.

मग मेघ तो पट्ट्याचाच काय? तसेंही म्हणवत नाहीं. घरीं भरलेल्या नळकांड्याचा वेग भरणाऱ्याच्या हातीं असे, आणि १९०२ पूर्वीं बाजारी वेगही याहून कमी असत. पणजोबांस प्रत्यक्ष ऐकलेलें कोणी उरलेलें नाहीं. ऐंशी उलटलेल्या आमच्या काकांनीं त्यांस ऐकलें तें लहानपणीं, ह्याच यंत्रावर.

काका ऐकत राहिले. मग म्हणाले, "हे कोण रे? पट्टा जरा सैल कर बघूं."

पट्टा आम्हीं सैल केला नाहीं. नियामकाचा स्क्रू थोडा फिरविला, आणि दर वेळीं मेण झिजतें हें ठाऊक असूनही सुई पुनः एकदां टेकविली.