पहिल्या पाळीचा डबा

बाजरीची भाकरी तव्यावरून उतरली की तिला ताटकळत ठेवून चालत नाही. टम्म फुगलेली, पापुद्रा सुटलेला, त्या पापुद्र्याला भोक पाडून आत लोणी नाहीतर तेल-चटणी सोडायची आणि पहिला घास तिथंच, चुलीपुढं. तासाभरानं तीच भाकरी ताठ होते. डब्यात दुमडून घातली तर मोडते, फडक्यात बांधली तर कडा कडक होतात, आणि दुपारी बारा वाजता ती दातांशी भांडते. पोळीचं तसं नाही. घडीत तेलाचं बोट फिरवलं की पहाटे चारला लाटलेली पोळी दुपारपर्यंत मऊ राहते. आमच्या लासूर स्टेशनातल्या नोकरदार माणसाच्या ताटातून बाजरी का हटली, याची मोठमोठी कारणं सांगणारे पुष्कळ भेटतात. मला आधी हे डब्याचं कारण दिसतं.

लासूर वेगळं आणि लासूर स्टेशन वेगळं. तिकडे दाक्षायणी देवी, इकडे बाजार. निजामाच्या काळात मनमाडकडून हैदराबादकडं रूळ पडले आणि रुळांच्या कडेनं ही पेठ वाढली. कांदा, कापूस, मका, भुसार. हमालानं पाठीवरचं पोतं थप्पीला टाकावं, शेडच्या सावलीत बसावं, भाकरीवरच बेसन आणि ठेचा घ्यावा, कांदा बुक्कीनं फोडावा. जेवण उरकायची घाई नव्हती, कारण पुढची गाडी लागेपर्यंत कामच नव्हतं. मग वाळूजला एमआयडीसी आली. 1985 मध्ये बजाजचा कारखाना सुरू झाला, त्याच्यामागं सुटे भाग करणारी लहानमोठी शेडं उभी राहिली आणि गंगापूर तालुक्यातल्या पोरांच्या तोंडी फर्स्ट, सेकंड, नाईट हे शब्द बसले.

फर्स्ट शिफ्ट असली की अंधारात बसथांब्यावर उभं राहायचं. म्हणजे घरातल्या बाईनं त्याच्याही आधी तास-दीड तास उठायचं. कामगारांच्या आहारावर व्याख्यानं होतात, तक्ते लागतात, त्यांत ही साडेतीनला उठणारी बाई कुठं दिसत नाही. तिच्या हाताशी त्या वेळेला काय असतं? आदल्या दिवशी भाजी आणली असली तर ती, नाहीतर बटाटे. बटाट्याला निवडणं नाही. मेथी, घोळ, अंबाडी या भाज्यांना निवडायलाच अर्धा तास जातो, आणि पहाटेच्या दिव्यात मेथीतली माती दिसतही नाही. म्हणून आठवड्यातून चार दिवस डब्याच्या वरच्या खणात बटाटा असतो. पोषणाचं ज्ञान तिला नाही असं कोणी म्हणू नये. तिच्याजवळ वेळ नाही.

बाजरीच्या पिठाचा स्वभावही तिच्या वेळापत्रकाला सोयीचा नाही. या धान्यात तेलाचा अंश जास्त, म्हणून दळलेलं पीठ थोड्याच दिवसांत कडू पडतं. गहू महिन्याचा दळून ठेवता येतो. बाजरीसाठी गिरणीची फेरी सारखी घालावी लागते. त्यात 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यानं रेशनवर माणशी पाच किलो धान्य आलं, ते आमच्याकडं मुख्यतः गहू आणि तांदूळ. जे आधी दोन-तीन रुपयांत आणि 2023 पासून फुकटात घरात येतं, त्याच्याशी शेतातली बाजरी कशी झुंजणार? शेतात तरी ती कुठं उरली होती म्हणा. कपाशी आणि मक्यानं तिची जागा कधीच घेतली. 2023 साल भरडधान्यांचं जागतिक वर्ष म्हणून साजरं झालं, तेव्हा शहरात बाजरीची बिस्किटं चकचकीत पाकिटात आली. स्टेशनातल्या दुकानात तेव्हाही लोक पोहे आणि मैदाच घेत होते.

भूतकाळ फार पौष्टिक होता, असं मात्र मी म्हणणार नाही. 1972 च्या दुष्काळात मराठवाड्यातली माणसं खडी फोडायला जात, तेव्हा त्यांना अमेरिकेहून आलेला लाल मिलो खावा लागला आणि कामावर सुकडी वाटली गेली. त्या पिढीतल्या म्हाताऱ्यांसमोर मिलोचं नाव काढलं तर अजून चेहरा आंबट होतो. पोट भरणं हाच तेव्हा आहाराचा दर्जा होता.

आता पोट भरतं. कशानं भरतं, हा प्रश्न आहे. 1948 च्या कारखाना कायद्यानं अडीचशेहून जास्त कामगार असलेल्या ठिकाणी उपाहारगृहाची तरतूद केली. मोठ्या कंपनीत कायम असलेल्याला त्याचा फायदा मिळाला: वरण, भात, दोन भाज्या, कधी गोड. लहान शेडमधल्या ठेक्याच्या पोराला मात्र गेटाबाहेरची गाडी. वडापाव, समोसा, नाईटला चहा आणि खारी. रात्री दोनला खरी भूक नसते, झोप हाकलायची असते, आणि खारी चहात बुडवली की डोळे तेवढ्यापुरते उघडतात. पस्तिशीत साखर निघालेली पोरं आता नवलाची राहिली नाहीत.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं 2024 मध्ये नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांतल्या दिवसभराच्या ताटात चारशे ग्रॅम भाज्या, शंभर ग्रॅम फळं आणि तीनशे मिलिलिटर दूध आहे. हे माप मी मनातल्या मनात त्या स्टीलच्या डब्यात भरून पाहतो. एका वेळची भाजी चार-पाच चमचे. फळ नाहीच. दूध घरचं असलं तर आधी डेअरीला.

उलट, कांदा निवडणाऱ्या बायांची पंगत मला कारखान्याच्या कॅन्टीनपेक्षा चांगली वाटते. सहा-सात जणी शेडच्या कडेला बसतात आणि डबे मध्ये ठेवतात. एकीची चवळी, एकीची शेपू, तिसरीकडं मटकी, चौथीचा तिळाचा ठेचा. कुणाच्याही डब्यात एकच भाजी असली तरी पानात चार येतात. भाकरीही इथं टिकून आहे, कारण या बाया पहाटे नव्हे, दिवस उजाडल्यावर घर सोडतात. पण याच बायांचं रक्त तपासलं तर निकाल वेगळा लागतो. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या चौपन्न टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. दुपारची पंगत बरोबरीची असते. रात्री घरी त्या शेवटी बसतात, आणि तळाशी उरलेल्या कोरड्यासाला पाणी घालून वाढवतात.

त्यांच्यातल्या एका मावशींना मी विचारलं, दवाखान्यात काय सांगितलं?

"काय सांगत्यात? डाळिंब खा, बीट खा, खजूर खा. म्हणलं, बाई, डाळिंबात माझी अर्धी हजेरी जाईल."

"मग?"

"मग काय! गोळ्या दिल्यात. दोन दिवस घेतल्या, मळमळलं, ठेवून दिल्या. पोराला पण म्हणते, भाकरी ने. तो म्हणतो, आई, तिथं अर्ध्या तासात जेवून लाइनीवर उभं राहावं लागतं, भाकरी चावायला येळ कुठंय?"

एवढं बोलून त्यांनी माझ्याकडं मटकीचा डबा सरकवला, आणि शेजारणीला म्हणाल्या, "उद्या शेपू नको आणू गं, सारखा सारखा."