पद्मिनीचा उंबरा

पाटणे फाट्याकडून चंदगडला येताना समोरच्या गाडीला वाट देण्यासाठी एक चाक साईडपट्टीवर उतरवलं, की आमच्या प्रीमियर पद्मिनीचा मागचा दरवाजा अडकायचा. सपाट जागी आली की सुटायचा. बिजागरी बदलून झाली, कुलूप सरकवून झालं, फरक शून्य. दरवाजा बिचारा ठीक होता, त्याची चौकटच पिळवटत होती.

जीप किंवा ट्रकला खाली दोन लांब चॅनलची चासी असते, वरची बॉडी तिच्यावर नुसती बसवलेली. पद्मिनीला ती नाही. इटलीत १९५३ साली आलेल्या फियाट ११०० चा हा वंश. १९७४ पासून कुर्ल्याच्या कारखान्यातून ती पद्मिनी नावाने बाहेर पडू लागली. तिचा तळ, खांब, टप आणि दरवाजाखालचे पोकळ सिल मिळूनच सांगाडा होतो. अँबॅसिडरचंही तसंच. म्हणून अशा गाडीचा गंज हा रंगाचा प्रश्न समजू नये. सिल कुजला म्हणजे गाडीचं हाड गेलं. आमच्याकडचा पाऊस तर आंबोलीच्या शेजारचा. लाल चिखल सिलच्या निचऱ्याची भोकं बुजवतो आणि पाणी आत महिनोन्‌महिने राहतं.

गाडी ज्यांच्याकडे नेली त्या मेस्त्रींची हयात ट्रक-जिपांवर गेलेली. गाडीखालून बाहेर येत म्हणाले, "सर, दोन्ही बाजूंनी जाड चॅनल मारूया. हलायची नाही मग."

चॅनल वाकण्याला दाद देत नाही हे खरं, पण पिळाला तो फारसा अडवत नाही. शिवाय तो जिथे संपतो तिथे जाड लोखंड आणि पातळ पत्रा यांची गाठ पडते, आणि नेमका तिथेच पत्रा फाटतो. मी शाळेत विज्ञान शिकवतो, पण शब्दांनी हे पटवायला गेलो नाही. वायरिंगच्या प्लास्टिक पाईपचे दोन तुकडे घेतले आणि एकाला करवतीने लांबीभर चीर पाडली. मेस्त्रींनी अख्खा तुकडा दोन्ही हातांनी पिळून पाहिला, तो जेमतेम हलला. चिरलेला मात्र हातात सहज वळला. प्लास्टिक तेच, जाडी तीच. त्यांनी दोन्ही तुकडे पुन्हा एकदा पिळले. "म्हणजे पेटी बंद करायला पाहिजे म्हणा की."

पुढचं सगळं त्यांचं कसब. सीट, गालिचा, वायरिंग बाजूला काढलं, बॅटरी सोडली. गाडी जॅकवर लोंबत न ठेवता चाकांजवळच्या आधारांखाली घोडे लावले, म्हणजे वजन रस्त्यावर असतं तसंच पडलं. दरवाजांच्या आतून खांबाला खांब पाईपने जखडले, फितीने कर्णाची मापं घेऊन खडूने लिहून ठेवली. एका वेळी एकच बाजू कापायची, हा त्यांचा दंडक. वरचा पत्रा उघडला तेव्हा आतून ओंजळभर लाल माती आणि पापडासारखे सुटे पापुद्रे निघाले. आतली उभी पट्टी बोटाने मोडली.

नवा सिल १८ गेजच्या पत्र्यातून बेळगावात उद्यमबागेत वाकवून आणला. खांबांच्या बुडाशी त्याच्या आत आडवे पडदे घातले, खाली निचऱ्याची भोकं ठेवली. सिल जिथे पुढच्या खांबाला भिडतो तो कोपरा सगळ्यात महत्त्वाचा. तिथे मेस्त्रींनी त्रिकोणी पत्री बसवली आणि तिची टोकं निमुळती केली, म्हणजे जोर एका रेषेत साठत नाही. सीओटू वेल्डिंगचा छोटा टाका इथे, पुढचा हातभर लांब, मग दरवाजा लावून पाहायचा. सलग वेल्डिंग मारलं असतं तर तापून पत्रा ओढला गेला असता. एवढा धीर धरणारा माणूस तालुक्याच्या गावी मिळाला, हे माझं भाग्य.

पोकळीत गंजरोधक मेण फवारलं. आमच्या भागात काजूचे कारखाने आहेत, त्यामुळे टरफलाचं तेल घालायचा सल्लाही मिळाला. होड्यांना ते लावतात, ब्रेक लायनरमध्येही त्याची भुकटी असते. पण ते कातडी भाजतं आणि तापलं की धूर डोळ्यांत जातो. उद्या तिथे वेल्डिंग करणाऱ्याला तो त्रास कशाला?

दोन्ही बाजू झाल्यावर पुढचं एक चाक जॅकने उचललं. पूर्वी असं केलं की मागच्या दरवाजाची फट वर चिमटायची. आता ती खालपासून वरपर्यंत सारखी राहिली आणि दरवाजा एका बोटाने लागला. तिलारी घाटाच्या वळणांवर तर गाडी वेगळीच वाटली. आधी बॉडीच स्प्रिंगसारखी लवत होती, त्यामुळे शॉकॲब्सॉर्बरला आपलं काम करताच येत नव्हतं. डॅशबोर्डची खडखड गेली, समोरच्या काचेच्या रबरातून येणारं पाणीही थांबलं.

मागच्या पाट्यांच्या हँगरजवळचा पत्रा अजून राहिला आहे. सिल ताठ झाल्यावर जोर तिकडे सरकणार, असं म्हणत मेस्त्रींनी टोच्याने तो टोचून दाखवला; टोच्या दोन ठिकाणी आरपार गेला. पेट्रोलची टाकी उतरवल्याशिवाय तिथे ठिणगी पाडायची नाही, असं त्यांनी बजावलंय. पाऊस लागायच्या आत ते उरकायचं ठरलं आहे.