मंद

गेल्या पावसाळ्यात शाळेच्या कार्यालयातील संगणकाला वीज पुरविणारा डबा बंद पडला. दुरुस्तीला आला तो माझाच एक जुना विद्यार्थी. वर्गात प्रश्न विचारला की हा मान खाली घालून बसे आणि तास संपल्यावर उत्तर घेऊन येई. "आता काय उपयोग?" म्हणून मी त्याला परत पाठवीत असे. त्याच्या प्रगतिपुस्तकावर मी 'मंद' असा शेरा मारल्याचे मला पक्के आठवते.

डबा उघडल्यावरही त्याने घाई केली नाही. साठलेली वीज उतरल्याची मीटरने खात्री करून घेतली, मग फुगलेला कपॅसिटर काढला.

"सर, घरातली वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावते. साधा डबा लाटेच्या माथ्यावरच घोट घेतो, एरवी तोंड मिटून बसतो. अशाने काम तेवढेच होते, पण तारा उगाच तापतात. पॉवर फॅक्टर वाईट म्हणतात तो हा."

"आणि हा डबा?"

"याच्या तोंडाशी सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करणारा स्विच आहे. तो लाटेच्या चढउताराबरहुकूम, पायथ्यापासून माथ्यापर्यंत थोडे थोडे घेतो. ते या कपॅसिटरच्या हंड्यात सुमारे ४०० व्होल्टवर साठते. पुढचा भाग त्यातून नेमके १२ व्होल्ट देतो."

"हंड्यातली पातळी कोण सांभाळतो?"

"तोंडाचाच भाग. पण पातळी सेकंदाला १०० वेळा थोडी हलायचीच. प्रत्येक हेलकाव्याला तो धावला, तर घेण्याची लय बिघडेल. म्हणून त्याला मुद्दाम मंद ठेवतात. चपळाई पुढच्याने करायची."

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. मी मात्र खिडकीबाहेर पाहू लागलो. मॅट्रिकला विज्ञानात काठावर उतरलेला मी. पण एवढे मला समजले. इतकी वर्षे मीही वर आलेल्या हातांकडूनच उत्तरे घेतली. तास झकास होत. कोठे काय तापत होते, हे मी कधी पाहिलेच नाही.

दुसऱ्या दिवशी प्रश्न विचारला. नेहमीचे चार हात वर आले. मी थांबलो. घंटा झाली तरी दुसरे कोणी बोलले नाही. मी पुस्तक मिटले, तेव्हा शेवटच्या बाकावरची एक मुलगी दाराशी येऊन उभी राहिली.

मी तिला खुर्ची दिली.