मळ्या, नकटा, मुरे

आजोळ मावळात, इंद्रायणीच्या काठी. मे महिन्यात नदी आटायची आणि डोह तेवढे उरायचे. भोईआळीतले तात्या आम्हा पोरांना तिथं घेऊन जायचे. फेकजाळं खडकावर झाडलं की त्यांची एकच अट असायची, ‘नाव सांगंल त्याचा मासा.’

मला पहिल्यांदा ओळखता आला तो मळ्या. बोटभर लांब, दगडाच्या रंगाचा. खालच्या ओठाशी असलेल्या चकतीनं तो खळाळातल्या खडकाला धरून राहतो आणि शेवाळ खरवडून खातो. मग मुरे ओळखू यायला लागले. मिशांचे, पट्ट्यापट्ट्यांचे, तळाशी वाळूत राहणारे. वाम कपारीत सापडायची. मरळ मात्र संथ, गवताळ पाण्यातली. तिच्या तांबूस पिलांचा थवा पाण्यावर दिसला की तात्या हातातलं जाळं खाली ठेवायचे. ‘आईबाप राखनीला हायेत,’ म्हणायचे. ते खरंच असतात, पिलं मोठी होईपर्यंत.

खडशी मात्र आम्ही कधी धरली नाही. पुस्तकात जिला महाशीर म्हणतात ती ही. देहूच्या घाटावर आजी चुरमुरे टाकायची आणि सोनेरी, मोठाल्या खवल्यांची ती जडशीळ पाठ पाण्यावर यायची. ते देवाचे मासे होते. घाटापुरती त्यांना जाळ्याची भीती नव्हती.

पुढं पुण्याला प्राणिशास्त्र शिकायला आलो. ग्रंथालयात कर्नल साईक्सचा दख्खनच्या माशांवरचा १८३९ सालचा निबंध हाती आला आणि मी थबकलो. त्या लॅटिन नावांत आमची भोईआळी बसली होती. मुल्या, मूरे, कोलस, नुक्ता. खडशीला त्यानं ‘खुद्री’ म्हटलं होतं आणि ती त्याला पुण्याच्या पूर्वेला, मुळा-मुठेत मिळाली होती. नुक्ता म्हणजे आपला नकटा. त्याच्या नाकाडावर खोल खाच असते, आणि कृष्णेच्या खोऱ्याबाहेर तो सापडत नाही. काठावरच्या माणसांनी जी नावं सांगितली तीच साईक्सनं माशांना दिली. पुढं शास्त्रज्ञांनी या माशांच्या प्रजाती बदलल्या, म्हणजे दोन शब्दांच्या शास्त्रीय नावातला पहिला शब्द बदलला. दुसरा, मराठी शब्द नियमानं तसाच राहिला. ही रीत नंतरही चालली. १९५२ साली मत्स्यशास्त्रज्ञ सी. व्ही. कुलकर्णी यांनी याच खोऱ्यातला, दुसऱ्या माशांचे खवले खाणारा एक मासा जगापुढं आणला आणि त्याला नाव दिलं ‘खवलचोर’. सांगणाऱ्या भोयांची नावं कुठं लिहिलेली नाहीत. त्यांचं शास्त्र मात्र त्या दोन शब्दांतल्या दुसऱ्या शब्दात आहे.

त्याच कुलकर्णींनी पुढं लोणावळ्याला वळवणच्या मत्स्यकेंद्रात खडशीची पैदास करण्याचं काम केलं. तिथली पिलं देशभर गेली. कावेरीतही गेली. तिथं कावेरीचा स्वतःचा, पाठीवर उंचवटा असलेला महाशीर होता. आमची खडशी तिथं फोफावली, आणि तो आज नामशेष होण्याच्या काठावर आहे. ज्या माशाला आजी हात जोडायची, तोच परक्या नदीत उपरा ठरला, हे वाचलं तेव्हा मी फार अस्वस्थ झालो. मासा पाण्यात असतो एवढं पुरत नाही. तो त्याच्या पाण्यात असावा लागतो.

आता आजोळी गेलो की नदीकडे जायला पाय उचलत नाही. पहिल्या पावसात चढणीला लागलेले मासे बंधाऱ्याच्या भिंतीशी अडतात. वाळू आणि गोटे उपसून नेले, त्यांच्याबरोबर अंडी घालायच्या जागाही गेल्या. खाली आळंदीला पाण्यावर फेसाचे डोंगर तरंगतात. गेल्या खेपेला बाजारात पाटीभर मासे दिसले म्हणून नातवाला जवळ नेलं. ‘आजोबा, हा कुठला?’ त्यानं विचारलं. चिलापी. ‘आणि हा?’ तोही चिलापी. १९५२च्या सुमारास भारतात आणलेला हा मूळचा आफ्रिकेतला मासा, साचलेल्या, गढूळ पाण्यातही वाढणारा. सगळी पाटी एका नावात संपली.

तात्यांच्या अटीचा अर्थ मला त्या दिवशी कळला. ज्याला नाव येतं त्याला तो मासा कुठल्या दगडाखाली राहतो, कधी चढतो, कधी त्याला हात लावायचा नाही, हेही येतं. नाव विसरलं की नदी नुसतं पाणी होते, आणि नुसत्या पाण्यात काहीही सोडायला कुणाला काही वाटत नाही.

तुमच्या गावच्या नदीवर जाळं टाकलेलं एखादं म्हातारं माणूस अजून असेल. येत्या पावसाळ्याआधी त्याच्याजवळ जाऊन बसा, माशांची नावं विचारा, लिहून घ्या आणि घरातल्या मुलाला शिकवा. मग त्या मुलाला घेऊन डोहावर जा आणि त्यातली किती नावं अजून पाण्यात आहेत ते मोजा.