म्हसावद : २३ अंश दक्षिण

समुद्रापासून दीडशेच्यावर किलोमीटर आत राहणाऱ्या माणसाने जहाजावरची उपकरणं जमवू नयेत, असा काही कायदा नाही. मी चौकशी केली आहे. तरीही आमच्या म्हसावदमध्ये माझ्याकडे लोक ज्या नजरेने बघतात, ती नजर सहसा गुन्हेगारासाठी राखून ठेवलेली असते.

म्हसावद हे शहादा तालुक्यातलं गाव. तोरणमाळला जाणारे लोक इथे चहाला थांबतात आणि तोरणमाळची स्तुती करून निघून जातात. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला ऊस, केळी, पपई, आणि बरंच खाली गेलं की तापी. पाण्याशी आमचा संबंध म्हणाल तर तो विहिरीचा, बोअरचा आणि तक्रारीचा. अशा गावात मी पस्तीस वर्षं भूगोल शिकवला. अक्षांश म्हणजे काय, रेखांश म्हणजे काय, हे इतक्या पोरांना इतक्या वेळा सांगितलं, की झोपेतसुद्धा मी काल्पनिक रेषा ओढतो, असं आमच्या सौ.चं म्हणणं आहे. पण स्वतःच्या गावाचा अक्षांश स्वतः मोजलेला मास्तर जन्माला आला नव्हता. तो निवृत्तीनंतर आला.

निमित्त धाकट्याचं. त्याने डी.एड. करावं, गेला बाजार खताचं दुकान टाकावं, असा माझा विचार होता. त्याने मर्चंट नेव्हीचा फॉर्म भरला. आमच्या सात पिढ्यांत कुणी होडीत बसलं असेल तर ते प्रकाशाला, तेही तापी उतरण्यापुरतं. मी रागावलो, बोलणं टाकलं, आणि शेवटी मुंबईला त्याला पोचवायला मीच गेलो. तो गेला. माझी परतीची गाडी रात्री होती. मधले सात तास घालवायला मी चोर बाजारात शिरलो.

मटण स्ट्रीटवर एका दुकानात लाकडी पेटी उघडी होती आणि आत पितळेचं एक झळझळीत यंत्र. कमानीसारखी पट्टी, दोन आरसे, एक छोटी दुर्बीण. पस्तीस वर्षं जे फळ्यावर खडूने काढलं ते समोर बसलं होतं. सेक्स्टंट! वर्तुळाचा सहावा भाग म्हणून हे नाव. कमान साठ अंशांची, पण आरशांच्या दुहेरी परावर्तनामुळे कोन मोजतो एकशेवीसपर्यंत. याचा थोरला भाऊ ऑक्टंट, जॉन हॅडलीने १७३१ मध्ये दाखवला. आरसा फिरवायचा, सूर्याला ओढून क्षितिजावर आणून टेकवायचा, आणि कोन वाचायचा. डोलणाऱ्या जहाजावरही तो टेकलेला राहतो, हीच त्यातली करामत.

पट्टीवर इंग्रजीत कोरलेलं होतं : केल्विन अँड ह्यूजेस, लंडन, १९१७. दुकानदार म्हणाला, पहिल्या महायुद्धातला माल आहे. मी पेन्शनचे पैसे मोजले.

नावामुळे घरी थोडा घोटाळा झाला. ‘काय आणलंत?’ म्हणून सौ.नी विचारलं आणि मी उत्साहात यंत्राचं नाव मोठ्याने सांगितलं. पहिल्या अर्ध्या शब्दालाच शेजारच्या खिडकीतला रेडिओ बंद झाला. तेव्हापासून घरात त्याला ‘ते पितळी’ म्हणतात.

त्या डिसेंबरात मी गच्चीवर गेलो. पंचवीस तारीख. घड्याळात बारा वाजले म्हणजे मध्यान्ह झाली, असं समजणारा माणूस भूगोलाचा नव्हे. आपली घड्याळं साडेब्याऐंशी रेखांशावर चालतात आणि म्हसावद आहे त्याच्या आठेक अंश पश्चिमेला. एका अंशाला चार मिनिटं. म्हणजे आमच्याकडे त्या दिवशी सूर्य माथ्याच्या रेषेवर येतो तो बारा बत्तीसच्या सुमारास. आमच्या गावात ग्रामसभेपासून वरातीपर्यंत सगळं अर्धा तास उशिरा का सुरू होतं, याला आता शास्त्रीय आधार मिळाला आहे. उरलेल्या दीड तासाला मात्र मिळालेला नाही.

गच्चीवर मिरच्या वाळत होत्या. नंदुरबार जिल्ह्यात गच्ची ही मुळात मिरचीसाठी असते; माणूस तिथे पाहुणा. मी मिरच्या सरकवून जागा केली आणि त्याच हातांनी दुर्बीण डोळ्याला लावली. पुढची वीस मिनिटं मी सूर्यच काय, जिनासुद्धा पाहू शकत नव्हतो. सूर्य तेवढ्यात चढून उतरायला लागला. निरीक्षण दुसऱ्या दिवसावर.

दुसऱ्या दिवशी उसाच्या शेंड्यांना क्षितिज मानून मी सूर्य खाली उतरवला. कोन आला अठ्ठेचाळीस अंश. आकडेमोड सोपी : नव्वदातून उंची वजा करायची, मग सूर्याची क्रांती जमेस धरायची, हिवाळ्यात ती दक्षिण, म्हणून तीही वजा. उत्तर आलं साडेअठरा अंश. एका अंशाला साठ सागरी मैल, एक सागरी मैल १८५२ मीटरचा. म्हणजे माझ्या पितळीने म्हसावद उचलून सव्वातीनशे किलोमीटर दक्षिणेला, थेट पुण्याच्या ओळीत नेऊन ठेवलं होतं. पुणेकरांना याची कल्पना नाही, ते बरं आहे.

दोष कुणाचा हे कळायला उन्हाळा उजाडला. वाचता वाचता समजलं, की केल्विन यांची कंपनी आणि ह्यूजेस यांची कंपनी एकत्र आल्या १९४७ साली. मग १९१७ मध्ये दोघांनी एकाच पट्टीवर सह्या कशा केल्या? लग्नाआधी तीस वर्षं एकाच शिधापत्रिकेवर नाव असावं, तसला हा प्रकार. असल्या शोभेच्या पितळी वस्तू आजकाल आपल्याच देशात घडतात. उत्तराखंडातलं रुरकी त्यासाठी ओळखलं जातं. दिवाणखान्यात ठेवायला उत्तम, सूर्य मोजायला नव्हे. कारागिराचा दोष नाही. त्याने शोभेची वस्तू केली होती. तिला महायुद्धावर पाठवलं ते दुकानदाराने, आणि तिथून परत आणलं ते मी.

शहाणा माणूस इथे थांबला असता. मी अलंगला गेलो.

अलंग म्हणजे भावनगर जिल्ह्यातला किनारा. १९८३ पासून तिथे जुनी जहाजं भरतीच्या पाण्यावर चढवून तोडतात. पोलाद भट्टीत जातं आणि उरलेला संसार रस्त्याकाठच्या दुकानांत मांडतात : कपबश्या, गाद्या, गोल खिडक्या, घड्याळं, लाइफ जॅकेटं. नंदुरबारहून ताप्ती लाइनच्या गाडीने सुरत, तिथून पुढे. तीन खेपांत मी एक जपानी सेक्स्टंट आणला (पेटीच्या झाकणात तपासणीचा दाखला चिकटवलेला, अक्षर न् अक्षर खरं), एक समांतर पट्टी, दोन कर्कटकं आणि एक होकायंत्र.

होकायंत्र म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे डबीएवढं काही येत असेल. हे छातीइतक्या उंच खांबावर बसवलेलं, द्रवात तरंगणारी तबकडी, दोन कड्यांच्या झुल्यात लटकवलेलं, आणि दोन बाजूंना नारळाएवढे लोखंडी गोळे. जहाजाच्या पोलादामुळे सुई बहकते, तिला ताळ्यावर आणायला हे गोळे. आमच्या बैठकीत ते बसवलं तेव्हा सुईने उत्तर दिशा म्हणून सौ.चं लोखंडी कपाट दाखवलं. ‘त्याला बरोबर कळतं, दागिने कुठे आहेत ते,’ सौ. म्हणाल्या. ‘म्हणूनच ते लगेच विकून ही खरेदी चाललीय की काय?’ मी दागिन्यांना हात लावलेला नाही, हे इथे लेखी नमूद करतो.

होकायंत्राने गावात माझी प्रतिष्ठा वाढवली, पण भलतीच. पहिल्यांदा एक गृहस्थ आले, घराचं दार कुठल्या दिशेला करू म्हणून विचारायला. मग आमच्या गल्लीतले एक शेतकरी आले. गोळ्यांवरून हात फिरवला. ‘हाई काय शे, गुरुजी?’ मी सांगितलं, समुद्रावर दिशा दाखवणारं यंत्र. ‘म्हणजे पाण्यातलंच ना? मग आमच्या शेतात बोअर कुठे मारू, तेवढं सांगा.’ मी अर्धा तास चुंबकत्व समजावलं आणि शेवटी, उत्तर कुठे आहे हे दाखवायला, त्यांच्या बांधावरच्या निंबाकडे बोट केलं. त्यांनी निंबाखाली बोअर मारली. पाणी लागलं. त्यानंतरचे तीन महिने मला पाठीमागच्या दाराने ये-जा करावी लागली. नारळ फिरवून पाणी सांगणारे एक बुवा आमच्याकडे आहेत, ते आता माझ्याशी बोलत नाहीत.

क्रोनोमीटर मात्र मी घेतला नाही. म्हणजे परवडला नाही. रेखांशाचं सगळं गूढ त्या एका घड्याळात. निघालेल्या बंदराची अचूक वेळ जवळ असेल तर आपण किती पूर्वेला-पश्चिमेला आलो ते कळतं, नसेल तर खडक कळतो. ब्रिटिश पार्लमेंटने १७१४ मध्ये त्यासाठी वीस हजार पौंडांचं बक्षीस लावलं आणि जॉन हॅरिसन नावाच्या सुताराने तीसेक वर्षं खपून, एकामागून एक घड्याळं करत, १७५९ साली चौथं पुरं केलं. ही गोष्ट मी मोठ्या भक्तिभावाने घरात सांगितली. सौ.नी एकच प्रश्न विचारला : ‘तीस वर्षं त्याची बायको काय करत होती?’ पुस्तकात ते नव्हतं.

‘आता सगळं मोबाईलवर दिसतं ना?’ हा दुसरा प्रश्न. दिसतं. बोट लावायचा अवकाश, अंश-मिनिटांसह गाव हजर. धाकटाही तेच म्हणाला. मी त्याला अभिलाष टॉमी यांचं उदाहरण दिलं. गोल्डन ग्लोब शर्यतीत त्यांनी एकट्याने पृथ्वीला फेरी मारली, उपग्रहाची मदत न घेता, सेक्स्टंटवर, आणि २०२३ मध्ये दुसरे आले. धाकटा म्हणाला, ‘ते समुद्रात होते, आप्पा. तुम्ही गच्चीवर आहात.’ परीक्षेला त्यालाही हे यंत्र शिकावं लागलं होतं, हे त्याने नंतर हळूच कबूल केलं. त्या फोनवर आम्ही पाऊण तास आरशांच्या चुकांबद्दल बोललो. तो जायच्या आधीच्या दोन वर्षांत आम्ही मिळून तेवढं बोललो नव्हतो.

सौ.ना हे केव्हाच कळलं होतं. एकदा कुणी पाहुण्यांनी विचारलं, गुरुजींना हा नाद कधी लागला? मी मटण स्ट्रीटची कथा सुरू करणार, तोच त्या पोहे ढवळता ढवळता म्हणाल्या, ‘पोरगा गेला त्या दिवशी.’ मी कथा पुढे सांगितली नाही.

तर पुढचा डिसेंबर. उसाचं क्षितिज खोटं असतं, हे आता कळलं होतं. जमिनीवर कृत्रिम क्षितिज वापरतात : ताटात पारा ओतायचा, त्यात सूर्याचं प्रतिबिंब पडतं, आणि वरचा सूर्य त्या प्रतिबिंबावर आणून ठेवायचा. पारा नसेल तर तेल चालतं, काकवीही चालते. आमच्या उसाच्या मुलखात काकवीला काय तोटा! उन्हाळ्यात हा प्रयोग जमत नाही. मेअखेरीस सूर्य आमच्या थेट डोक्यावर येतो आणि कोन यंत्रात मावत नाही. म्हणून पुन्हा पंचवीस डिसेंबर, मिरच्यांपासून दूर, साबणाने हात धुऊन.

काकवी ताटात ओतली, ती आपोआप समपातळीत आली. सूर्य आत उतरला, तांबूस, स्वच्छ, सुंदर. बारा पंचवीसला मुंग्या आल्या. एक रांग सूर्यबिंबाच्या काठाने आत शिरली आणि तिथेच चिकटली. डाग असलेला सूर्य मी बारा बत्तीसला पकडला, कोन वाचला : नव्वद अंशांना अगदी थोडा कमी. धावत खाली आलो, आकडेमोड केली. उत्तर तेवीस अंश, दक्षिण.

दक्षिण! म्हसावद मकरवृत्तावर गेलं होतं. रेखांश आमचाच, चौऱ्याहत्तर पूर्व, म्हणून ॲटलास उघडला. बोट ठेवलं. मॉरिशसच्या बऱ्याच पूर्वेला, भर हिंदी महासागरात. आसपास एक बेटही नाही.

संध्याकाळी धाकट्याचा फोन आला. मी हिरमुसल्या आवाजात आकडा सांगितला. पलीकडे क्षणभर काहीच ऐकू आलं नाही, मग तो मोठ्याने हसला. ‘आप्पा, आम्ही दर्बानहून इंडोनेशियाला निघालोय. परवा तिथूनच गेलो. दुपारी सावली बुटाखाली होती नुसती. तुम्ही शेजारीच होता की!’ मग म्हणाला, ‘ताटातल्या प्रतिबिंबाने कोन दुप्पट होतो. निम्मा केलात का?’

नव्हता केला. पस्तीस वर्षं पोरांच्या वह्यांत अशाच चुकांवर मी लाल रेघ मारली आहे.

सौ.नी फोन घेतला. जेवलास का, काय जेवलास, भात कसला असतो, ही नेहमीची उलटतपासणी झाली. फोन ठेवून त्या टेबलाशी आल्या. ॲटलास उघडाच होता, निळ्या पानावर माझं पेन्सिलीचं टिंब. त्या बराच वेळ बघत होत्या. मी खोडरबर शोधत होतो.

‘राहू द्या की आजच्या दिवस,’ त्या म्हणाल्या. ‘भागाकार उद्या करा.’

भागाकार दुसऱ्या दिवशी केला. बारा मिनिटांची चूक निघाली, म्हणजे बारा सागरी मैल. गाव उत्तरेला सातपुड्यात गेलं. त्यातली निम्मी चूक आरशांची असावी, निम्मी मुंग्यांची. ताट अजून गच्चीवरच आहे. काकवी वाळून इतकी घट्ट झाली आहे की ते घासायचं कुणी, यावर आमच्यात बोलणी चालू आहेत.